मंडळाचा शब्द

१३ जानेवारी १९७९

विश्वनाथराव आज बैठकीत एकदाचे बोलले. छातीत कळ येते, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, चौकशीचं काम आता माझ्याच्यानं होणार नाही. मला हायसं वाटलं, खोटं कशाला लिहू? माणूस भला, पण काम मुंगीच्या पावलांनी.

इथे भोपाळमध्ये आम्हा मराठी माणसांना ना सोयरे ना धायरे. सगळे कारखान्याच्या नोकरीमागे आलेले. मुलींची लग्नं ठरवायची तर ‘स्थळ माहितीतलं आहे’ असं सांगणारी मावशी-आत्या कुठून आणायची? म्हणून बरखेड्यातल्या आमच्या सह्याद्री मंडळानं वधूवर विभाग काढला. मंडळच मुलीची मावशी, मंडळच मुलाचा मामा. विश्वनाथरावांनी पहिल्याच वर्षी नियम घालून दिला की तीन कामं तीन माणसांकडे. शकुंतला स्थळं नोंदवणार. विश्वनाथराव मुलाच्या गावी जाऊन शेजारीपाजारी, वाणी, दूधवाला अशा सगळ्यांना विचारून येणार. आणि त्यांनी आणलेली माहिती ऐकून होकार की नकार ते मी सांगणार. एकाच्या कामात दुसऱ्यानं हात घालायचा नाही. वर आणखी सोवळं असं की चौकशीला गेलेल्यानं त्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. पाणी प्यालं की खरं बोलायला जड जातं म्हणे! भर मे महिन्यात हे गृहस्थ खांडव्याहून घसा कोरडा पाडून परत आले होते आणि आले ते थेट आमच्या माठाकडे गेले.

तीन माणसं म्हणजे तीन महिने. तोवर मुली घोडनवऱ्या होतात. मी म्हटलं, ‘माझ्याकडे द्या सगळं, आठवड्यात निकाल लावते.’

२० जानेवारी

ठराव झाला. नोंद माझ्याकडे, चौकशी माझ्याकडे, निर्णय माझ्याकडे, आणि लग्नानंतर काही कुरबुर निघाली तर तीही माझ्याकडे. अध्यक्षांना सेकंड शिफ्टला जायचं होतं, त्यांनी घड्याळाकडे बघत बघतच वाचून दाखवला.

शकुंतला चाचरत म्हणाली, ‘वैजयंतीबाई, सगळं एकाच माणसाकडे?’ मी म्हटलं, ‘मग तू जा ना खांडव्याला, धाकट्याला कडेवर घेऊन.’ तिला चहापाण्याचं बघायला सांगितलंय, म्हणजे वाईट वाटायला नको. सगळ्यांचे हात वर झाले. विश्वनाथरावांनीही केला, सगळ्यात शेवटी आणि अर्धाच. वडे गार होत होते, त्यामुळे चर्चा लांबली नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, ‘कारखान्यात ज्यानं माल बनवला त्यालाच तपासायला देत नाहीत.’ मी म्हटलं, मुली म्हणजे काय टर्बाइन आहेत का? यावर यांनी पेपर वर केला. यशवंत मुजुमदारांचा हा नेहमीचा पवित्रा, पेपर वर.

४ फेब्रुवारी

इंद्रपुरीची कमल आली होती. नवरा फाउंड्रीत होता, वारला. ही शाळेत शिवण शिकवते. उज्जैनची, त्यामुळे मराठी धेडगुजरी, ‘ताई, मी तर सोचलंच नव्हतं’ वगैरे. मुलगी उषा, बी.ए. झालेली, गव्हाळ, नाकीडोळी नीटस. गणपतीच्या नाटकात पडदा ओढायला होती तेव्हाच माझ्या नजरेत भरली होती. कुणी काही बोललं तरी उलट उत्तर नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला अशी मुलगी बघितली की बरं वाटतं.

कमलनं स्थळही स्वतःच आणलंय, पिपलानीतला बाळकृष्ण, आपल्याच कारखान्यात टर्नर. नाटकात तो दिवे सांभाळायचा. म्हणजे पडदा आणि दिवे यांचं आधीच जमलेलं दिसतंय. कमल म्हणाली, ‘मुलं राजी आहेत ताई, पण मंडळाचा होकार असला की मला रात्री नीट झोप येईल. आमच्याकडे पुरुष माणूस नाही ना.’

मी म्हटलं, बघते.

१० फेब्रुवारी

बाळकृष्णाची चौकशी केली. त्याच्या मावशीकडे जाऊन पोहे खाल्ले, चहा प्याले, मजेत गप्पा झाल्या. पाणी न पिता कसली माहिती मिळते! बाई बोलता बोलता सांगून गेल्या की बारा वर्षांचा असताना त्याला छातीचा आजार झाला होता, सॅनेटोरियममध्ये ठेवला होता, आता ठणठणीत आहे.

ठणठणीत! मी आज बैठकीत उभी राहून स्पष्ट सांगितलं, क्षय. नकार. लपवाछपवी मंडळात चालणार नाही. बाळकृष्ण मागच्या खुर्चीवर बसला होता हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी सांगितलंच असतं. तो उठून बाहेर गेला आणि त्याच्या शेजारच्या बाईनं हळूच आपल्या मुलाला ओढून दुसऱ्या खुर्चीवर घेतलं.

कमल रडली. मी पाठीवर हात फिरवला आणि म्हटलं, ‘वाचलीस असं समज.’ उषा रडली नाही, पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली.

हे मी माझ्या श्यामचा विचार मनात धरून केलं नाही. लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको.

२२ फेब्रुवारी

श्याम नागपूरहून आलाय. किती वाळलाय! त्या पाइप कंपनीत जीव जाईस्तोवर राबवतात आणि जेवायला खानावळ. एकतिसावं चाललंय. अकोल्याचा साखरपुडा मोडल्यापासून मनानं खचलाय पोरगा. ती मुलगीच फटकळ. चारचौघांत दंड धरला तर केवढा गहजब केला तिच्या बापानं.

काल आमटी अळणी झाली तर वाटी भिंतीवर गेली. भुकेला असला की त्याला भान राहत नाही, लहानपणापासूनचं आहे. भिंत मी पुसून काढली. संध्याकाळी थोडी घेतो, तीही अंग दुखतं म्हणून. हे त्याच्याशी बोलत नाहीत आणि तो यांच्याशी. मधल्या मधे माझं सँडविच. पण आज जाताना मला म्हणाला, ‘आई, तू है तो सब है.’ डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

त्याला बायको हवी. शांत, सोसणारी, घरचं करून घालणारी. सगळं सुरळीत होईल.

२७ फेब्रुवारी

कमलला बोलावून सांगितलं. तिचा विश्वासच बसेना. ऑफिसरचा मुलगा, ऐसपैस क्वार्टर, हुंडा नाही, लग्नाचा खर्च आम्ही अर्धा करू. ‘ताई, आमची काय ऐपत?’ एकसारखं हेच. मग जरा वेळानं पदराचं टोक पिळत म्हणाली, ‘नागपूरला कोणाला विचारून घेऊ का? माझा एक दीर असतो तिथे.’

मला राग आला आणि मी तो दाखवला. ‘कमल, बाळकृष्णाच्या वेळी चौकशी कुणी केली? तुझ्या मुलीला क्षयातून कुणी वाचवलं? आता माझ्याच मुलाबद्दल तू बाहेर विचारणार?’

‘नाही नाही,’ म्हणाली, ‘माफ करा.’ आणि पाया पडली.

१० मार्च

आज बैठकीत श्यामच्या स्थळाची माहिती मीच सांगितली. निर्व्यसनी, कष्टाळू, मातृभक्त. मुलाला त्याच्या आईइतकं कोण ओळखतं? शकुंतलानं चहाच्या कपबशा मोठ्यानं आदळल्या, बाकी कुणी हूं की चूं केलं नाही. होकारही मीच जाहीर केला. टाळ्या पडल्या.

११ मार्च

सकाळी विश्वनाथराव काठी टेकत घरी आले. आमचे तीन जिने चढून आले, दारात घाम पुसत उभे राहिले. मी पाणी पुढे केलं तर घेतलं नाही.

‘बाई, या स्थळाला मी नागपूरला जाऊन येतो.’

‘तुम्हाला प्रवास बंद आहे.’

‘मग दुसऱ्या कुणाला पाठवा. कुणालाही. शकुंतलाबाईंच्या यजमानांना पाठवा. पण तुम्ही नको. उमेदवार तुमचा, चौकशी तुमची, होकार तुमचा. यात त्या मुलीच्या बाजूनं कोण आहे?’

असा संताप आला! मी म्हटलं, ‘वाटेत तुम्हाला काही झालं तर तुमच्या बायकोला मी काय तोंड दाखवू? आणि ठरावाला तुमचाही हात वर होता.’ त्यांचा चेहरा एकदम पडला. ‘होता,’ म्हणाले. काठी घेतली आणि एकेक पायरी उतरत गेले. वरून बघताना मला कीव आली, पण बोलावलं नाही.

ते गेल्यावर यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, ‘त्या मुलीला एकदा सांगून टाक.’

‘काय सांगू?’

हे म्हणाले, ‘ठीक आहे,’ आणि कारखान्यात निघून गेले. रविवार होता.

८ मे

लग्न झकास झालं. मंडळाच्या हॉलमध्ये, दोनशे पान उठलं. श्याम रेशमी झब्ब्यात राजबिंडा दिसत होता. जेवणात श्रीखंड वाढायला उशीर झाला तेव्हा वाढप्याला त्यानं हाताला धरून बाजूला नेलं, तेवढं एक सोडलं तर सगळं निर्विघ्न. उषानं मला वाकून नमस्कार केला तेव्हा तिचे हात थंडगार होते. या उन्हाळ्यात!

३१ जुलै

उषा पहिल्या मंगळागौरीला आली आहे. श्यामला रजा नाही, एकटीच आली. घर बायकांनी भरलं होतं. फुगड्या झाल्या, मी सुद्धा खेळले. पण ही मख्खासारखी बसून. आणि आखडू किती झाली आहे! मी डावीकडून हाक मारली, ‘उषा, ताम्हन दे.’ ढिम्म. परत मारली. ढिम्म. चारचौघींत माझी शोभा. शेवटी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा दचकली आणि म्हणाली, ‘आई, मला बोलावलंत का?’

लग्नाला तीन महिने झाले नाहीत आणि सासूची हाक ऐकू येईनाशी झाली. माहेरी दोन दिवस जाऊ का विचारलं. जा म्हटलं.

१५ सप्टेंबर

आजचा दिवस सविस्तर लिहिते, कारण बाहेर लोक काहीबाही बोलणार.

उषा मंगळागौरीला माहेरी गेली ती परत नागपूरला गेलीच नाही. कमलनं मंडळाकडे तक्रार दिली. श्याम मारतो. डाव्या कानाचा पडदा फाटला. ठरावाप्रमाणे तक्रार माझ्याकडे आली. मी पळ काढला नाही. मुलाची आई म्हणून बाजूला झाले असते तर लोक म्हणाले असते, पाणी मुरतंय. मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर टेबलाशी बसले आणि उषाला समोर उभी केली.

‘कधी मारलं?’

‘चहा गार होता तेव्हा. मग... बऱ्याचदा.’

‘कुणी बघितलं?’

‘शेजारच्या काकू दार ठोठावायच्या.’

‘त्या इथे आहेत का?’

‘नाहीत.’

‘तू काय बोललीस म्हणून मारलं?’

मी पुन्हा विचारलं. तिनं उजवा कान माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, ‘काही नाही बोलले, आई. मी बोलतच नाही.’

मग एकदम तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. गॅलरीत ओकारीचा आवाज आला. सोंगं किती! अवघड प्रश्न आला की पोटात ढवळतं. परत येऊन भिंतीला टेकली, एक हात पोटावर.

मी स्पष्ट बोलले. कान श्याममुळे गेला याला पुरावा काय? लहानपणापासून अधू असेल. म्हणजे लग्नाआधी मुलीकडच्यांनी व्यंग लपवलं, फसवणूक झाली असेल तर ती आमची.

विश्वनाथराव मागून उठले. ‘मुलीची चौकशी कुणी केली होती?’

‘मी.’

‘तेव्हा तुम्हाला कान दिसला नाही?’

हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली. मी म्हटलं, ‘माणूस विश्वासावर चालतो, विश्वनाथराव. तुम्हाला बसवत नसेल तर रिक्षा बोलावते.’ त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी ठरावाकडे बोट दाखवलं. ‘नियमाप्रमाणे वैजयंतीबाईंचा निर्णय.’ ज्या नियमाला या लोकांनीच हात वर केले तो आता सगळ्यांना फारच सोयीचा झाला. कुणालाही मध्ये पडायला नको होतं.

निर्णय दिला. नवराबायकोची भांडणं घरात मिटवायची असतात, उषानं नागपूरला परत जावं. कमल उभी राहिली. मला वाटलं आता तमाशा करते. पण ती उषाकडे वळली आणि म्हणाली, ‘बेटा, मंडळ म्हणून राहिलंय तर... मंडळ आपलं वाईट कशाला करेल?’

उषा हसली. इतकं विचित्र हसली की मला राग आला.

१८ सप्टेंबर

तिला गाडीत बसवून आले. कमलनं डब्यात मेथीचे ठेपले दिले होते. गाडी हलली तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन म्हटलं, ‘जरा हसतमुख राहा, पुरुषांना रडकं तोंड आवडत नाही.’ डावी बाजू होती, ऐकलं की नाही कोण जाणे.

१२ नोव्हेंबर

उषाला आणलं. श्यामनं नाही, शेजारच्या त्या काकूंनी आणि त्यांच्या यजमानांनी. स्टेशनवरून सरळ इंद्रपुरीला नेलं, माझ्याकडे आणलंसुद्धा नाही. मला शकुंतलाकडून कळलं. पाचवा महिना होता म्हणे, जिन्यावरून पडली म्हणे, पोर गेलं.

पाचवा महिना! मला कुणी सांगितलं नाही. माझं नातवंड आणि मलाच पत्ता नाही. मी रडले, दिवसभर रडले. तिला जिना नीट उतरता येत नाही? एक कान गेला तर डोळे होते ना?

हे जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, ‘ती सप्टेंबरात ओकत होती ना, वैजयंती? तुझ्यासमोर.’

मला काय स्वप्न पडलं होतं?

१६ नोव्हेंबर

कमल आली. मी तयारीत होते, दहा उत्तरं ठरवून ठेवली होती. ती बसली नाही. आवाजही चढवला नाही.

‘ताई, दीर नागपूरला होता माझा. जावयाच्या गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून. एकदा विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. तुम्ही मंडळ होता म्हणून मी कुणालाच विचारलं नाही.’

एवढंच. चपला घालून गेली. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले नाही. माझ्याही घरात मूल गेलंय, मला कुणी भेटायला आलं का?

१७ फेब्रुवारी १९८०

विश्वनाथराव गेले. शोकसभेत मंडळातर्फे मीच बोलले. त्यांची शिस्त, त्यांचा सचोटीचा बाणा, पाणी न पिण्याचा नियम सांगितला. लोकांचे डोळे पाणावले. त्यांच्या पत्नीनं मात्र मी बोलत असताना पाठ फिरवली. दुःखात माणसाला भान राहत नाही.

६ ऑक्टोबर

श्याम नोकरी सोडून आलाय. सोडली की सुटली ते विचारलं नाही. सामानात उषाचे दोन डूल निघाले, ते मी टाकून दिले. घर भरलं, बरं वाटलं.

२१ डिसेंबर

हे स्वतःहून कोरब्याच्या वीजकेंद्राच्या साइटवर गेले. कुणी पाठवलं नव्हतं, मागून घेतलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस साइटवर तंबूत राहायला जातो? मी म्हटलं, मला एकटीला टाकून चाललात? बूट घालता घालता म्हणाले, ‘एकटी कुठे? श्याम आहे ना.’

१९ सप्टेंबर १९८१

कोर्टाचं घटस्फोटाचं काम निपटलं. दोन्ही बाजूंची संमती होती. कमलनं एक पैसा मागितला नाही, एक भांडं मागितलं नाही. उषा बालवाडीत शिकवते असं शकुंतला सांगत होती. मुलं डावीकडून बोलली आणि तिला कळलं नाही की हसतात म्हणे, पण ती रागावत नाही. मी विचारलं नव्हतं.

मंडळात माझं काम चालूच आहे. यंदा चार लग्नं जुळवली. कुणी तक्रार केलेली नाही.

२५ ऑक्टोबर

न्हाणीघरात पाय घसरला. मनगट मोडलं. पलीकडच्या क्वार्टरमधल्या मिश्राभाभींनी हॉस्पिटलात नेलं. ‘भाभीजी, बाथरूम में काई जम गई होगी,’ डॉक्टरांसमोर शेवाळाचं त्याच म्हणाल्या, मला काही बोलावंच लागलं नाही.

२ नोव्हेंबर

ही वही कुणी वाचत नाही. खरं लिहायला काय हरकत आहे?

न्हाणीघर नव्हतं. पैसे नाहीत म्हटलं तर त्यानं हात पिरगळला. आवाज झाला, वाळकी काटकी मोडावी तसा. मी ओरडले तर तोंडावर उशी. मग स्वतःच रडायला लागला, ‘आई, माफ कर,’ पायावर डोकं. आणि परवा परत. बांधलेल्या हातावरच.

मी तक्रार करायची म्हटली तर कुणाकडे करू? मंडळात तक्रारी ऐकणारी मीच. अध्यक्ष म्हणतील, नियमाप्रमाणे वैजयंतीबाई. शकुंतलाला सांगितलं तर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे, आणि ती काही म्हणाली नाही तर ते आणखी वाईट. कोरब्याला तार करावी असं तीनदा मनात आलं. काय लिहू तारेत?

भीती वाटते. त्याची पावलं जिन्यावर वाजली की मी भांडी घासायला लागते, घासलेली असली तरी. उषा अशीच वागत असेल का? आज पहिल्यांदाच मनात आलं. लगेच झटकून टाकलं. तिचं वेगळं होतं.

१५ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं झाली, मुहूर्त सुरू झाले. इटारसीचे रमेशराव आज मुलीला घेऊन आले होते. रेल्वेतून निवृत्त, बायको नाही, एकच मुलगी, वसुधा. ते आधी शकुंतलाकडे गेले होते. तिला विचारलं, मुलगा कसा आहे? तिनं म्हणे खाली बघून सांगितलं, ‘चौकशीचं वैजयंतीबाईंना विचारा, नियम आहे.’ बरं केलं. म्हणजे केलंच ना बरं.

रमेशराव खुर्चीच्या कडेवर बसून बोलत होते. ‘आमचं या मुलखात कोणी नाही हो. मंडळाचा शब्द म्हणजे घरच्या माणसाचा शब्द.’ मग घसा साफ करून, ‘मुलाचं आधीचं लग्न... ते कसं मोडलं?’

‘त्याची चौकशी मंडळानं तेव्हाच केली आहे,’ मी म्हटलं. ‘सगळ्यांसमोर. मुलगी कानानं अधू होती, लपवलं होतं.’

‘अरेरे,’ म्हणाले. ‘मंडळानं केली म्हणजे प्रश्नच मिटला.’ त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

श्याम दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. वाकून नमस्कार केला. किती गोड हसतो तो, मनात आणलं तर! मी एका हातानं ट्रे आणायला गेले तशी वसुधा उठली आणि माझ्या हातातून तो घेतला. ‘राहू द्या आई, तुमच्या हाताला लागलंय ना? मी करते.’ कुणी मला आई म्हणून इतक्या दिवसांत हातातलं काही घेतलं नव्हतं. एक क्षण वाटलं, हिला स्वयंपाकघरात बोलवावं, दार लावावं आणि सांगावं, बाई, इथून जा. स्वयंपाकघरात ती आलीही माझ्यामागून. कप विसळत होती. मी तिचे दंड बघितले. चांगली उंच, हाडापेरानं मजबूत मुलगी आहे. उषासारखी नाजूक नाही. निभावेल.

मी म्हटलं, ‘साखर वरच्या फळीवर आहे.’

निघताना रमेशरावांनी हात जोडले. ‘मुलं तुमच्याजवळच राहतील ना? पोरीला आई नाही, तुमची माया मिळेल.’

‘नाही, नाही!’ माझा आवाज चढला, दोघंही चमकून बघायला लागले. मी हसून सावरून घेतलं. ‘नव्या जोडप्याला मोकळीक हवी. मी शाहपुऱ्याला तळ्याजवळ खोल्या बघून ठेवल्यात.’

शनिवारी बैठकीत होकार सांगून टाकेन. शाहपुरा इथून लांब आहे. तिथला आवाज बरखेड्यापर्यंत येत नाही.